खाली आहे का?

आता कसं सांगू तुम्हाला, आणि कुठून सुरू करू? आधी चहा संपवा. कारण माझी फजिती ऐकून तुम्ही हसणार, हसताना चहा सांडणार, आणि आई ओरडणार मलाच!

तर, मी ल्यूज खेळते. थांबा, लगेच असा चेहरा नका करू! ल्यूज म्हणजे बर्फाच्या लांबलचक घळीतून, एवढ्याशा स्लेडवर, म्हणजे घसरगाडीवर, उताणं पडून, पाय पुढे करून सुसाट खाली यायचं. स्लेडला ब्रेक नाही. पोटऱ्या दाबायच्या, खांदा टेकवायचा, की ती वळते. बस्स. ग्वाल्हेरच्या आमच्या दाना ओलीत, म्हणजे आमच्या गल्लीत, हे समजावता समजावता माझं अर्धं आयुष्य गेलंय. शेजारच्या काकू अजून विचारतात, "काय गं शर्वरी, ते झोपून खेळायचं चालू आहे ना?" आणि आई म्हणते, "झोपायचंच आहे तर घरात झोप की! पंखा तरी आहे."

ग्वाल्हेरला बर्फ कुठला? उसाच्या रसात पडतो तेवढाच. म्हणून मी स्लेडला चाकं लावून डांबरी उतारावर सराव करते. शहराबाहेर टेकडीवर एक पाण्याची टाकी आहे, तिच्याकडे जाणारा रस्ता. तीन वळणं, आणि सकाळी सहसा चिटपाखरू नसतं. थांबायचं झालं तर बुटांचे तळवे रस्त्यावर घासायचे. त्यासाठी बुटांना जुन्या स्कूटरच्या टायरचं रबर चिकटवलंय. एकदा जोरात थांबलं की रबर निम्मं उडतं.

गेल्या वर्षी मनगट मोडलं आणि परदेशातल्या बर्फावरचं शिबिर हुकलं. या वर्षी आईनं स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा शिबिराच्या यादीत नाव आलं नाही तर स्लेड माळ्यावर, आणि तू बिर्ला नगरच्या शाळेत पी.टी. शिकवायला." मी हो म्हणून बसले होते. निवडीसाठी एक व्हिडिओ पाठवायचा होता. वरपासून खालपर्यंत एक सलग उतार. मध्ये थांबायचं नाही, कट करायचा नाही. रविवारी सकाळी दहाच्या आत.

आणि नेमकं शनिवारी दादाला ऑफिसनं झाशीला पाठवलं!

दादा म्हणजे माझे डोळे हो! तो उताराच्या तळाशी उभा राहतो. तिथून तिन्ही वळणं दिसतात, वरून मला एकही दिसत नाही. मी फोनवर विचारायचं, "खाली?" तो म्हणणार, "खाली!" की मी सुटले. पाच वर्षं हे दोन शब्द, बस्स.

"मी येते की," वहिनी म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

वहिनी पुण्याच्या. दादाचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. माणूस सोन्यासारखं, पण हिंदी! आल्या आल्या भाजीवाल्याला म्हणाल्या, "भैया, ऊपर थोड़ा धनिया दे दो." म्हणजे भाजीवर फुकटची कोथिंबीर द्या, असं त्यांना म्हणायचं होतं. तो भला माणूस जिना चढला आणि वरच्या भाडेकरूंना जुडी देऊन आला! मी चार दिवस हसत होते. वर त्यांना म्हटलंही, "वहिनी, ग्वाल्हेरात राहायचं तर दोन्ही भाषा साफ पाहिजेत. माझ्याकडून शिका."

हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. मला पुढे गिळावं लागलं.

रविवारी साडेसहाला आम्ही पोचलो. मी समजावलं, "हे बघा वहिनी, मी वरून विचारणार, खाली आहे का? तुम्ही सांगायचं, खाली आहे. मग मी सुटणार. चूक झाली तर माझी हाडं गोळा करावी लागतील."

"बाई गं! एवढंच ना? सांगते."

वर गेले. हेल्मेटवर कॅमेरा, कानात फोन. हातमोज्यात बोटं गार पडलेली, मे महिन्यात! स्लेडवर पडले.

"वहिनी, खाली आहे का?"

"हो, खाली आहे!"

सुटले. पहिलं वळण झकास! दुसरं वळण... आणि समोर म्हशी! एक नाही, दोन नाही, अख्खा रस्ता म्हशी! बूट घासले, धूर निघाला, रबराचा वास नाकात गेला, आणि मी एका म्हशीच्या शेपटीखाली थांबले. तिनं वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच तिच्या घरात शिरले होते.

"वहिनी! म्हशी आहेत!"

"हो ना! केव्हाची बघतेय. एक तर किती छान आहे गं, कपाळावर पांढरा टिळा!"

"अहो, पण तुम्ही म्हणालात ना, खाली आहे!"

"खालीच आहे मी! जागची हललेसुद्धा नाही!"

मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्या असतील, काहीही बोलताहेत. म्हटलं, "यावेळी नीट बघून सांगा. डोळे उघडे ठेवून."

"बघायचं काय त्यात? बरं, बघते."

म्हशी हलेपर्यंत थांबले, मग स्लेड उचलून पुन्हा वर. पावणेनऊ झाले होते. बुटांचं रबर निम्मं राहिलं होतं, म्हणजे आता फक्त एकदा थांबता येणार होतं. माझ्या डोळ्यांसमोर शिट्टी घेऊन शाळेच्या मैदानावर उभी मी दिसायला लागले.

"वहिनी, खाली आहे का? नीट बघितलं?"

"बघितलं! एकदम खाली आहे!"

एकदम! म्हणजे खात्रीच. सुटले. पहिलं, दुसरं, काय वेग होता, काय अचूक वाट धरली होती! तिसरं वळण घेतलं आणि समोरून भुशानं भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर! माझा जीव कुठे गेला ते विचारू नका. उरलंसुरलं रबर रस्त्याला देऊन मी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी थांबले. ड्रायव्हरनं वरून वाकून बघितलं. आमच्याकडे मुलीला बिन्नू म्हणतात.

"काए बिन्नू, घर में खटिया नईं है का, जो सड़क पे लेटी हो?"

मी रडायच्या बेतात! आणि तेव्हा, खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. कोथिंबीर! ही बाई कोथिंबिरीचा सूड घेतेय! तोंडावर गोड बोलायचं आणि नणंदेला ट्रॅक्टरखाली घालायचं!

स्लेड ओढत तरातरा तळाशी गेले. वहिनी मोठ्या काळजीनं पाण्याची बाटली घेऊन पुढे आल्या.

"वहिनी, काय करून राहिल्यात तुम्ही? मी मरून राहिले होते तिथे! विचारलं ना, खाली आहे का?"

"आणि मी सांगितलं ना, खाली आहे म्हणून!"

"बघितलं होतं?"

"अगं, पायाकडे बघितलं! हा बघ उतार संपतो, हा शेवटचा दगड, आणि दगडाच्या खाली मी. याच्याहून खाली आता नाल्यात उतरायचं का?"

मी दगडाकडे बघितलं, मग त्यांच्या पायांकडे.

"तुम्ही... तुम्ही खाली होतात?"

"मग! तू तेच विचारत होतीस ना? मला वाटलं, शूर मुलगी आहे, पण मनातून भित्री. खाली कुणीतरी आपलं माणूस आहे एवढं ऐकलं की धीर येत असेल. म्हणून मी दर वेळी जोरात सांगत होते."

"वहिनी, खाली म्हणजे रस्ता खाली! मतलब रिकामा!"

"मग रिकामा म्हण ना गं!" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मोकळा म्हण! मराठीत खाली म्हणजे खाली! ही कुठली मराठी तुझी?"

कुठली सांगणार? आमची! पाच वर्षं मी आणि दादा आपण मराठीच बोलतोय या भ्रमात हिंदी बोलत होतो, आणि मी निघाले होते या बाईला भाषा शिकवायला! लाजेनं कान तापले माझे. त्यात त्यांनी सूडबिड काही घेतला नव्हता, उन्हात तीन तास मला धीर देत उभ्या होत्या. मी त्यांना मिठीच मारली. "चुकले वहिनी. पण आता काय? सव्वानऊ झालेत, आणि बुटाला रबर नाही."

वहिनींनी माझे बूट उलटे करून बघितले. "म्हणजे आता मध्ये थांबता येणार नाही?"

"नाही."

"मग थांबू नकोस. मी आहे ना. शब्द ठरव फक्त."

वर गेले. कॅमेरा सुरू केला. झोपले. आकाशाकडे बघितलं.

"वहिनी, रस्ता मोकळा आहे का?"

या वेळी वहिनींनी घाई केली नाही. मग म्हणाल्या, "थांब. एक सायकलवाला आहे." मी स्लेड घट्ट धरून ठेवली. "गेला. पहिलं वळण मोकळं. दुसरं मोकळं. तिसरंही मोकळं. आणि मी खाली आहे. ये तू!"

आणि मी आले! तिन्ही वळणं, सलग, पाय न टेकवता! तळाच्या सपाटीवर स्लेड आपोआप थांबली, तेव्हा वहिनी माझ्याहून जोरात रडत होत्या. दहाला सात मिनिटं असताना व्हिडिओ गेला, आणि पंधरा दिवसांनी यादीत माझं नाव आलं. आईनं यादी दोनदा वाचली आणि शिरा ढवळायला घेतला.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला ही गोष्ट मिरवत सांगितली असती. पण नाही ना!

शिबिराला जायला पाच महिने होते. रोज सकाळी वहिनी तळाशी, मी वर. त्यांनी माझी मराठी अशी घासूनपुसून काढली की विचारू नका. रिकामं म्हणजे मोकळं, आणि खाली म्हणजे खाली! घरात चुकून "डबा खाली आहे" म्हटलं, तर वहिनी वाकून टेबलाखाली बघायच्या.

मग शिबिर. परदेश, हाडं गोठवणारी थंडी, माझा पहिला खराखुरा बर्फाचा ट्रॅक. इशारा मिळाला की अर्ध्या मिनिटात सुटायचं, नाही तर ती फेरी गेली. वर मी एकटी, दात वाजताहेत. रेडिओवर आमच्या प्रशिक्षकांचा, पहाडाकडून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या सरांचा, आवाज आला.

"शर्वरी, ट्रैक खाली है!"

मी मनात म्हटलं, सर किती चांगले! धीर देताहेत.

"जी सर!"

पाच-सात सेकंद गेले. "शर्वरी! ट्रैक खाली है!"

"जी सर, दिख रहा है! मैं ऊपर हूँ!"

मी आपली इशाऱ्याची वाट बघतेय. अर्धं मिनिट संपलं, लाल दिवा लागला, आयुष्यातली माझी पहिली बर्फावरची फेरी बसल्या जागी बाद!

सर धापा टाकत वर आले. "आपको हिंदी नहीं आती क्या? कहाँ से हैं आप?"

आता ग्वाल्हेरची अब्रू कशी घालवणार? मान खाली घातली, म्हणजे आपल्या मराठीतली खाली, आणि म्हटलं,

"पुणे से, सर."