साबणाला फेस येईना

बंदरामागच्या गल्लीत भट्टीवाल्या काकूंचं घर होतं. प्रसूतिगृहाच्या चादरी आणि बाळांची दुपटी त्यांच्याकडे धुवायला यायची. काकू धुवायच्या, नवरा इस्त्री करायचा. तो फार बोलत नसे. त्याच्या वाटचंही काकूच बोलत. मागच्या अंगणात सासऱ्यांनी खोदलेली विहीर होती. तिचं पाणी इतकं गोड की शेजारणी कळश्या घेऊन यायच्या.

एके दिवशी साबणाला फेस येईना. काकूंनी साबणवाल्याला धारेवर धरलं. “भेसळीचा माल माझ्या गळ्यात मारता?” तो बिचारा शपथा घेत दुसरा साबण देऊन गेला. त्याचीही तीच रड. फेसाऐवजी चिकट साका कपड्यांवर बसायचा. दुपारी कडक वाळलेली चादर संध्याकाळी पुन्हा ओलसर लागायची आणि इस्त्री फिरली की पांढऱ्या रेघा उमटायच्या.

“पाणी बघ,” नवरा म्हणाला.

“पाण्याला काय धाड भरलीय?”

त्याने तांब्या पुढे केला. काकूंनी घोट घेतला आणि थुंकून टाकला.

धाकटा दीर विहिरी उपसून द्यायचं काम करायचा. त्याला बोलावलं. तो सकाळी आत उतरला, दुपारी पुन्हा उतरला, दगडांवरची ओल निरखून वर आला.

“वहिनी, विहिरीला भरती-ओहोटी येतेय.”

“शुद्धीवर आहात ना, भाऊजी? समुद्र दोन गल्ल्या पलीकडे आहे.”

“वरून दोन गल्ल्या. खालून शेजारीच आहे. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय धरते ना, तसं. पाऊस मुरायचा, नदी भरून वाहायची, तोवर साय जाड होती. आता नदी वर धरणात अडते, आणि इथे घरटी बोअर. साय आपणच खरवडून खाल्ली. चंद्र समुद्राला ओढतो, समुद्र खालून रेटतो, आणि खारं पाणी तुमच्या विहिरीत डोकं काढतं.”

“पाहुणा म्हणून आलाय,” नवरा इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाला, “घरजावई होऊन राहील.” एरवी काकू हसल्या असत्या.

त्या हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्या. मोटर बंद केली आणि पोहऱ्याने वरवरचं पाणी हलक्या हाताने काढायला लागल्या. खांदे भरून यायचे, पण फेस आला. पौर्णिमेच्या उधाणात तोही गेला.

मग त्या दारोदार फिरल्या. “थोडा उपसा कमी करा,” एवढंच मागणं. लॉजवाला खुर्ची देऊन म्हणाला, “काकू, मी आत्ता थांबतो. पण पलीकडचा थांबेल का? मी थांबायचं आणि त्याने ओढायचं?” पलीकडचाही तेच म्हणाला. दोघंही खोटं बोलत नव्हते, म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना.

पाणीखात्यातला साहेब भला माणूस. घरी येऊन पाणी चाखून गेला.

“धरण नसतं तर शहर तहानलं असतं, काकू.”

“आणि माझी विहीर?”

“चांगले पावसाळे झाले, सगळ्यांनी उपसा थांबवला, तर गोडी परत येईल. पण बरीच वर्षं जातील.”

भांडणात काकूंनी कधी हार खाल्ली नव्हती. पण इथे भांडायचं कोणाशी? चंद्राशी? पावसाशी? रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, “कोणी एक जण चोर असता ना, तर त्याची गचांडी धरली असती.” तो नुसता त्यांच्या खांद्यांना तेल लावत राहिला.

शेवटी प्रसूतिगृहाची सिस्टर दुपट्यांचं गाठोडं घेऊन दारात आली. “काकू, बाळांच्या अंगावर पुरळ उठतंय हो.”

‘माझी चूक नाही’ हे शब्द ओठांवर आले होते. काकूंनी ते गिळले. “उद्यापासून पाठवू नका, सिस्टर,” त्या म्हणाल्या, आणि गाठोडं तसंच परत दिलं.

आता त्या गावाबाहेरच्या मोठ्या लाँड्रीत घड्या घालायला जातात. तिथे पाणी टँकरने येतं. एकदा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “कुठून आणता?”

“समुद्रापासून लांब, आतल्या एका गावातल्या विहिरीतून. मस्त गोड पाणी आहे.”

“जरा हळू उपसा म्हणावं त्यांना.”

“सांगतो,” ड्रायव्हर म्हणाला, आणि पाइप टाकीत सोडून त्याने मोटर चालू केली.