कालचं ऊन

अकोल्याच्या आमच्या कचेरीतल्या त्या बाबूंचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. पारा तेव्हा फॅरनहाइटमध्ये मोजत. रोज दुपारी बाबू अंगणातल्या तापमापकापाशी जात, आकडा पुटपुटत परत येत, फाइलची लाल फीत सोडत आणि आतल्या एकुलत्या एका कागदावरचा कालचा आकडा रबरानं खोडून तिथेच आजचा लिहीत. कागद वाचवल्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मे महिन्यात साहेबांनी आठवड्याचे आकडे मागितले. फाइलीत एकच निघाला.

"बाकीचे कुठायत?"

"कालचं ऊन आज कोणाले पाह्यजे, साहेब?"

"आत्ता आकडे मिळाले नाहीत, तर उद्यापासून येऊ नका."

बाबूंनी टोपी सारखी केली आणि डोळे मिटले.

"सगळे ध्यानात हायेत. सोमवारी तुमी कोट काढून ठेवला, एकशे आठ. मंगळवारी पाय बादलीत घालून बसले, एकशे अकरा. बुधवारी अर्जदार बाहेर ताटकळून राहिले होते अन् तुमी टेबलावर डोकं टेकून घोरून राहिले होते, एकशे तेरा. गुरुवारी तर तुमी..."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

"गुरुवारचा नुसता आकडा सांगा."