झाडामागं लावण्या नव्हती

कुणालाही वगळू नये या विषयावर मी एक चित्रांचं पुस्तक केलं, आणि ज्या मुलीसाठी ते केलं नेमकी तीच त्यातून वगळली.

माझी वहिनी सोलापुरात पहिलीच्या वर्गाला शिकवते. दिवाळीनंतर तिच्या वर्गात लावण्या आली. घरी तेलुगू; वर्गात तीन आठवडे एक शब्द नाही.

"तिची आई म्हणते, पोरगी रमली नाही तर सोमवारपासून दुसऱ्या शाळेत घालते," वहिनी म्हणाली. "क्रांती, तू लिहितेस ना? ह्याच वर्गातल्या पोरांचं एक पुस्तक करून दे की. आपण सगळे एक, असं काहीतरी."

(हो, माझं नाव क्रांती आहे. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, वडिलांची पत्रकं होती. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'जाहीर निषेध'वर.)

संध्याकाळपर्यंत मजकूर तयार! वहिनीने पहिलं पान वाचलं.

"'शतकानुशतकांच्या विषमतेला मूठमाती देऊया'?"

"मग?"

"सहा वर्षांची आहेत ती. दोघं अजून चड्डीचं बटण लावून घ्यायला माझ्याकडं येतात."

मी माघार घेतली. एका पानावर एक मूल, एक ओळ. हजेरीच्या यादीचा फोटो काढला आणि कुणाला काय आवडतं ते मीच ठरवून टाकलं. (पोषणाचा विचार करून.)

"झालं की एकदा मला दाखव हं," वहिनी म्हणाली.

"लेखनात प्रशासनाचा हस्तक्षेप मी खपवून घेणार नाही."

रंगवायला आईला बसवलं. तिने ओळीने सगळी पोरं गुलाबी करायला घेतली.

"आई, हा रंगभेद आहे!"

"भेद कुटला? सगळी एकाच रंगाची हायत की!"

"तेच तर!"

मी तडक नवी पेठेत जाऊन तपकिरी खडूंच्या चार छटा आणल्या. समतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

शुक्रवारी वर्गात वाचन झालं. पहिल्या पानापासून जनतेत असंतोष पसरला.

"मला कारलं आवडत न्हाय!" बसू ओरडला.

"माझं नाक एवढं मोठं न्हाय!"

लावण्या खिडकीजवळच्या बाकावर होती. प्रत्येक पान उलटताना ती थोडी पुढे झुकायची. ते बघून माझे डोळे भरून आले. माझ्या लेखणीची ताकद! मग शेवटचं पान आलं. एक मोठं झाड आणि त्याखाली अख्खा वर्ग. लावण्या उठून पुढे आली आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत शोधू लागली. बोट झाडाखालून दोनदा फिरलं.

"बाई," बसूने विचारलं, "लावण्या कुटंय?"

यादी जूनमधली होती. लावण्याचं नाव मागून, कागदाच्या पाठीवर हाताने लिहिलेलं. मी फोटो फक्त पुढच्या बाजूचा काढला होता.

प्रामाणिक माणूस इथे चूक कबूल करतो. मी म्हटलं, "ती ना... झाडामागं हाय."

बसू आला. पान उलटून त्याने झाडामागं बघितलं.

"मागं न्हाय."

"वाटंत पडली आसंल!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग बाकांखाली शोधू लागला. लावण्यानेही आपल्या बाकाखाली वाकून बघितलं!

"मुलांनो," मी आवाज चढवला, "ही व्यवस्थेची चूक आहे—"

"व्यवस्थेची नाही, क्रांती," वहिनी शांतपणे म्हणाली. "तुझी."

मी लावण्यापुढे गुडघे टेकले. पुस्तकाचं मागचं कोरं पान तिच्या बाकावर उघडलं, खडू घेतला आणि एक गोल काढला. लावण्याने तो गोल बघितला. मग माझ्या हातातून खडू काढून घेतला, माझ्या गोलावर काट मारली आणि स्वतःच स्वतःला काढायला लागली. दोन वेण्या. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उंची!

वर्ग भोवती जमला.

"मला पण काढ की शेजारी!"

"न्हाय, मला!"

मी तिच्यावर झुकून उभी होते. मनात वंचितांच्या आवाजावरचा एक परिच्छेद जुळत होता. तेवढ्यात लावण्याने मान वर केली. ओठ हलले. वहिनीने माझा हात घट्ट धरला.

"ताई, बाजूला सरका की. उजेड येईना."

सोमवारी ती येते की नाही हे बघायला मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. ती आली. मला ओलांडून पळत वर्गात गेली. मागून तिची आई आली.

"पुस्तकवाल्या ताई तुम्हीच न्हवं? दोन दिस झाले, घरी नुसती शाळेचंच बोलती. असं काय केलंत ओ तुम्ही?"

"काही नाही," मी म्हटलं. "सरकले."