भाऊबीजेचा फोन आणि बाबांचं बोलणं

असले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. आमच्याकडे म्हैस दूध द्यायची थांबली तरी लिंबू-मिरची आधी येते आणि जनावरांचा डॉक्टर नंतर. मी त्यातली नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे, शिवाय बायकांसाठी मोबाइलचा वेगळा वर्ग घेते. ‘कुठलं ॲप तुमचं काय काय बघतं ते आधी तपासा गं बायांनो’ हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की झोपेतही बोलत असेन. भूत-बित सोडाच, मी साध्या फॉरवर्ड मेसेजवरही विश्वास ठेवत नाही. तरीही हे लिहितेय... कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय राहिली नाही.

आधी घरचं सांगते. शहराबाहेर मोर्णा नदीच्या अंगाला आमचं फुलांचं वावर आहे — शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. वावरातच घर, आणि घरात मी आणि बाबा, दोघंच. माझं लग्न मोडून मी परत आले त्याला बरीच वर्षं झाली. आई त्याच्याही आधी गेली. धाकटा भाऊ मंगेश अमरावतीला असतो, बायकोसोबत, फ्लॅटमध्ये.

बाबा फुलं पिकवायचे, पण त्यांचं नाव झालं ते बैलबाजारात. दलाल होते ते. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते — तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली सौदा चालू. अगदी खेटून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. बाबा म्हणायचे, “तोंडाचं बोलनं गावाचं असते पोरी, बोटाचं बोलनं दोघाचं.”

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू यायचं, कळायचंही सगळं, पण तोंडातून नुसतं ‘अं... अं...’ निघायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बोलणं परत येईल अशी आशा ठेवू नका. मी वेड्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस त्यांनीच डाव्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या हातावर टाकला आणि आतून माझं एक बोट दाबलं. मला रडूच कोसळलं.

तेव्हापासून ती आमची भाषा झाली. एक बोट दाबलं की हो, दोन दाबली की नाही, सगळा पंजा धरला की ‘आता नको, मग पाहू’. मी तोंडाने विचारायची, ते बोटांनी सांगायचे. घरात चिटपाखरू नसलं तरी दुपट्टा लागायचाच. उघड्या हाताने सौदा करायचा नाही, ही जन्माची खोड. मी चिडवायची, “बाबा, भेंडी करू का वांगं, यात काय लपवायचं?” तर ते दुपट्टा आणखी नीट ओढून घ्यायचे.

मंगेशला हे मी सांगितलं होतं. तो म्हणाला, “ताई, नुसता हात हालते त्याईचा. तुले तसं वाटून राहिलं.” मी पुन्हा विषय काढला नाही.

त्या दिवाळीत मंगेश भाऊबीजेला आला. मी ओवाळलं, आणि त्याने तबकात नवा कोरा फोन ठेवला. म्हणाला, “तुहा फोन लय जुना झाला ताई. सगळं सेट करून आनलं, तुले काईच करा लागत नाई. बाबाजवळच ठेवत जा, काई झालं तं लगेच फोन लावता येते.” मी क्लासमध्ये सगळ्या बायकांना तो फोन दाखवला. ‘माझ्या भावाने दिला’ असं दहादा सांगितलं. दुसऱ्यांच्या फोनमध्ये डोकं घालणारी मी, पण भावाने दिलेल्या फोनचं सेटिंग उघडून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. ओवाळणीत कोण खोट काढतं?

आता वावराचा विषय. शहर आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपलंय, आणि मंगेशच्या डोक्यात प्लॉट पाडायचं शिरलं होतं. वावर विकायचं, बाबांना अमरावतीला न्यायचं, मला अकोल्यात एक खोली बघून द्यायची. माझ्या आयुष्याचा नकाशा त्याने मला न विचारताच काढून ठेवला होता.

एका दुपारी ओसरीवर मी बाबांच्या खाटेशी बसले. फोन नेहमीसारखा उशाशी होता. मी सरळ विचारलं, “बाबा, वावर विकायचं का?” दोन बोटं, घट्ट. “माझ्या नावावर करायचं म्हणता?” एक बोट. “मंगेशला सांगू?” पंजा.

म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. बक्षीसपत्राचे कागद गुपचूप करून घेतले. कधी जायचं तेही फक्त बाबांना, त्यांच्या कानाशी बोलले. ठरल्या दिवशी ऑटोत बसवून त्यांना रजिस्ट्री ऑफिसच्या दारात नेलं... आणि समोरच्या बाकावर मंगेश बसलेला!

“ये ताई,” तो म्हणाला. “वाटच पाहून राहिलो.”

मग त्याने सगळ्यांसमोर तमाशा केला. बापाला काही समजत नाही, बहीण फसवून अंगठा घेऊन राहिली, असं मोठमोठ्याने. तिथला माणूस म्हणाला, आधी घरचं मिटवा, मग या. बाबा ऑटोत मान खाली घालून बसले होते. आख्ख्या बाजारात ज्यांचा शब्द चालायचा, त्यांना पोराने चारचौघांत बिनडोक ठरवलं होतं.

मंगेशला कळलं कसं? आधी मी वकिलावर संशय घेतला, त्याच्याशी भांडलेसुद्धा. मग एक दिवस वर्गात शिकवत होते — “स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला की समजायचं, कुठलं तरी ॲप आपला माइक किंवा कॅमेरा वापरतंय.” पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, “मॅडम, तुमच्याच फोनवर दिसून राहिला तो.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग वर्ग सुटल्यावर एकटीने सेटिंग उघडलं. ॲप्सच्या यादीत ‘शो सिस्टिम’ दाबलं की एरवी न दिसणारी ॲप्सही दिसायला लागतात. त्यांतली बहुतेक फोनची स्वतःची असतात, त्यांना हात लावायचा नसतो, हे मीच शिकवते. त्या गर्दीत एक ‘सिस्टिम सर्व्हिस’ बसलं होतं. नाव सरकारी कारकुनासारखं साधं. होम स्क्रीनवर त्याचं चिन्ह नाही. माइकची परवानगी कायम चालू, लोकेशन चालू, आणि काढायला गेलं तर निघत नव्हतं, कारण त्याला ॲडमिनचे हक्क देऊन ठेवलेले होते. असले हक्क फोन हातात घेऊन कुणीतरी द्यावे लागतात. आणि फोन ‘सगळं सेट करून’ आणणारा माणूस एकच होता.

तुमच्या सख्ख्या माणसाने तुमच्या उशाशी कान ठेवलाय हे कळल्यावर काय होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्या फोनजवळ काय काय बोलले होते! त्याच्या बायकोची उणीदुणी काढली होती. मोडलेल्या लग्नाचं बोलून रडले होते. आंघोळीला जाताना गाणी म्हटली होती. भर रस्त्यात कुणीतरी माझा पदर ओढल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला बाबांजवळ बसवून मी एसटीने अमरावती गाठली. मंगेश जेवायला घरी आलेला. मी फोन त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, “हे काय आहे?”

त्याने नाकारलं नाही. “हो, मीच टाकलं. बाबाची काळजी होती मले.”

“काळजी? चोर आहेस तू!”

मग तो ताटावरून उठला आणि असा ओरडला की मी मागे सरकले. “आन् तू कोन हायेस? इतके महिने बाप बोलून राहिला, आन् तू पोराले सांगत नाईस? मी फोनवर म्हनो, बाबाले दे, तं तू म्हने त्याईले बोलता येत नाई! वावरासाठी एवढं खोटं, ताई? रजिस्ट्रीत बापाले समजत नाई म्हनलो, ते याच रागानं!”

मला काही कळेना. “कोण बोलतंय मंगेश? बाबांची वाचा गेली आहे.”

“आता माह्यासमोर तरी नाटक करू नोको,” म्हणून त्याने त्याचा फोन काढला. एका फोल्डरमध्ये रेकॉर्डिंगची रांगच रांग होती. त्याने एक लावलं.

पहिला आवाज माझा. “बाबा, वावर विकायचं का?” मग कापडाची सळसळ. आणि मग...

“नाई. इकाचं नाई.”

बाबांचा आवाज. लकव्यानंतरचा नाही, आधीचा — घोगरा, भरलेला, बाजारात बैलाच्या पल्याडहून ऐकू यावा तसा. पुढे तो म्हणत होता, “हे पाय वैशे, तुहा संसार मोडला तवा तू याच वावरात येऊन बसली. मी इचारलं नाई, कावून आली. पोट्टे पाखरावानी उडून जातेत. तुले बसाले जागा पायजे.”

‘वैशे’ म्हणून मला हाक मारणारा जगात तो एकच माणूस. मी खालीच बसले. त्या दुपारी मला मिळाली होती फक्त दोन बोटं. बाकीचं सगळं त्या दोन बोटांमागे होतं, आणि ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं!

मंगेशची बायको दारात उभी होती. हळूच म्हणाली, “रोज आयकतेत हे. आयकून रडतेत.”

खरं तर त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, मंगेश, पुढचं लाव. पण अंगात राग भरलेला होता. मी म्हणाले, “हे घेऊन मी सायबर पोलिसात जाणार. हाच पुरावा आहे.”

नोकरीवाला माणूस तो. त्याने माझ्यासमोर फोल्डरमधलं सगळं निवडलं, डिलीट केलं, कचरापेटीही रिकामी केली. “घे,” म्हणाला. “आता कायचा पुरावा?”

मी “थांब!” म्हणून ओरडले तोवर झालं होतं. त्याने आधी माझं खासगीपण चोरलं होतं, आणि आता माझ्या बापाचा आवाज माझ्या डोळ्यांदेखत पुसला... स्वतःची कातडी वाचवायला.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःशी म्हणून झालंय. आजकाल एआयने कुणाचाही आवाज बनवता येतो, हे मीच वर्गात सांगते. पण मंगेशने बनवला म्हणावं, तर स्वतःच्याच तोट्याचं का बनवेल? आणि उत्तर काय होतं हे त्याला कळलं कुठून? बोटं तर ऐकू येत नाहीत. जुनं रेकॉर्डिंग म्हणावं, तर माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कसं? डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बाबांना पुन्हा तपासलं आणि उलट माझ्याकडेच काळजीने पाहिलं. ते ॲप मी काढलं नाही, चालूच ठेवलं; पाठवून होईपर्यंत त्याचं रेकॉर्डिंग फोनच्या एका फोल्डरमध्ये राहतं, ते ऐकते. दुसऱ्या फोनवर साधा रेकॉर्डरही लावून पाहिला. दोन्हींत माझे प्रश्न तेवढे आहेत, आणि बाहेरचे कावळे.

आता त्यात कापडाची सळसळही नाही, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. अमरावतीहून आल्यावर मी बाबांना खरं सांगितलं होतं — “बाबा, आपलं सगळं मंगेश ऐकत होता.” त्यांनी माझ्या हातावरचा दुपट्टा काढून घेतला. तेव्हापासून त्यांनी मला बोट दिलेलं नाही. डावी मूठ मिटलेली असते. मी उघडायला गेले तर आणखी आवळतात. तो अंगठा मिळत नाही म्हणून बक्षीसपत्र तसंच पडून आहे. ते मंगेशवर रुसलेत की फोन घरात आणणाऱ्या माझ्यावर, तेही मला माहीत नाही.

मंगेश आता प्लॉटचं नाव काढत नाही. ‘बाबा स्वतः नाई म्हनले, माहा विषय खतम,’ एवढंच म्हणाला. त्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण परवा माझ्याच्याने राहवलं नाही. मीच फोन लावला आणि विचारलं, “बाकीच्यांत बाबा काय काय म्हणायचे?”

तो म्हणाला, “लय काई. एकडाव म्हने, वैशीच्या हातची भाकर माह्या मायच्या हातावानी होते.” मी फोन कानाशी दाबून धरला. हे खरं असेल, किंवा मला गप्प करायला त्याने तिथल्या तिथे रचलं असेल. बाबा माझ्याशी जे बोलले ते या जगात एकाच माणसाने ऐकलंय, आणि त्याच माणसावर माझा काडीचा विश्वास नाही.

तरी काल पुन्हा फोन केला. “मंगेश,” म्हटलं, “आणखी काही आठवतं का रे?”