आक्काने स्वतः खोडलेला धडा

माझ्या थोरल्या बहिणीने नर्सिंगच्या मुलींना वीस वर्षे एक गोष्ट चुकीची शिकवली.

हे सर्वांना ठाऊक आहे, कारण तिनेच ते सर्वांना सांगितले.

विमलआक्का जाऊन आज एक वर्ष झाले.

निपाणीच्या एका हॉस्पिटलात ती वॉर्ड सिस्टर होती आणि तिथल्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकवत असे. मी बेळगावात, वडगावच्या आमच्या घरी.

काही वर्षांपूर्वी आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. जन्मभर मागावर राबलेला माणूस कॉटला खिळला.

मी बी.कॉम. झालेला, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणारा माणूस. सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे करावे, एवढेच मला येते. आक्काने शिकवल्याप्रमाणे मी दिवसातून तीनदा आप्पांची पाठ आणि कंबर स्पिरिट लावून चोळत असे. वर पावडर. जिथे डाग दिसेल, तिथे दुप्पट जोर.

एका शनिवारी आक्का आली. मी दारातच रिपोर्ट दिला.

"माकडहाडावर जरा काळपट दिसतंय. पण मी रोज चोळतोय. आता तिथं चांगली ऊब येते."

"ऊब?"

खांद्यावरची पिशवी न उतरवताच ती कॉटपाशी गेली. डाग पाहिला.

"सुरेश, आता हितं चोळायचं न्हाय."

"अगं, हे तूच शिकवलंयस!"

"व्हय. मीच शिकवलंय."

एवढे बोलून ती खुर्चीवर बसली. 

मग तिने पिशवीतून एक प्रिंटआउट काढला. इंग्रजी रिसर्च पेपर. दोन आठवडे ती तो बरोबर बाळगून होती. दाबाने दुखावलेली जागा चोळली, तर आतला भाग आणखी दुखावतो, असे त्यात म्हटले होते. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, टाळण्यासाठी आम्ही जे करत होतो, त्यानेच तो होण्याची भीती होती.

"तुला टेबलं वाचता येतात. समजावून सांग मला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही कागद घेऊन बसलो. मी तक्ते समजावले, शेवटचा निष्कर्ष वाचला आणि कागद मिटला. माझ्या मते काम संपले होते.

तिचे तिथून सुरू झाले.

"ही माणसं कुठली? वयं काय? कसल्या गादीवर निजवलं हुतं? आणि दुसऱ्या कुणी करून बघितलंय काय?"

दुपारभर आम्ही मोबाईलवर शोधशोधून आणखी वाचले. सगळ्यांचे म्हणणे एकच होते: चोळू नका. आक्का अडली ती एका फोटोपाशी. गोऱ्या कातडीवर लालभडक डाग.

"तिकडं हे ठीक हाय रं. आप्पांच्या रंगावर ही लाली दिसणार कशी? दिसंस्तवर उशीर झालेला असणार."

कॉटवरून आप्पा बोलले.

"डोळ्यानं कशाला बघतीस गं? कापडातला दोष आदी हाताला लागतोय, मग डोळ्याला. आणि उलट्या हातानं बघ. तळव्याला घट्टे असत्यात."

आक्का उठली. बोटांची मागची बाजू आधी डागावर, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर फिरवली. पुन्हा डागावर.

"गरम हाय. कडक बी हाय."

"आता माझी पाठ म्हंजे तुमची शाळाच झाली म्हणायची!" आप्पा म्हणाले.

ती ऊब माझ्या सेवेची आहे, असे मी समजत होतो. ती जखमेची चाहूल होती.

त्या दिवसापासून चोळणे बंद. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी, आणि प्रत्येक वेळी उलटा हात. मी पट्टीने रेघा मारून चार्ट केला आणि भिंतीवर लावला.

डाग हळूहळू निवला. मी आनंदाने फोन केला.

"आक्का, सिद्ध झालं!"

"एका आप्पांवरून काय सिद्ध हुतंय रं, कॉमर्सवाल्या? चार्ट चालू ठेव."

तिच्या वर्गात काय झाले, ते मला तिच्या एका विद्यार्थिनीने नंतर सांगितले. त्या रविवारनंतरच्या सोमवारी आक्का वर्गात आली आणि म्हणाली, "बॅक केअरचं पान काढा. दुखावलेली जागा चोळायची, हे मी चुकीचं शिकवलंय. पान फाडू नका. रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा."

एका मुलीने विचारले, "सिस्टर, परीक्षेत काय लिहायचं?"

"पेशंटच्या पाठीवर परीक्षा असती बाई. तिथं पास व्हा."

जुन्या बॅचच्या ज्या मुलींचे नंबर मिळाले, त्यांना तिने एकेक करून फोन केले. स्टाफरूममध्ये "विमल सिस्टर आता सायंटिस्ट झाल्या" अशी थट्टा झाली. तिने थट्टा करणारीलाच तो पेपर वाचायला दिला.

आप्पा पुढे दोन वर्षे जगले.

मग आक्काच आजारी पडली. शेवटचे तीन महिने ती आमच्या घरी, आप्पांच्याच कॉटवर होती. मी नवा चार्ट केला. कूस बदलायला मी आणि माझी पत्नी. बोलणे कमी झाल्यावरही आक्का घड्याळाकडे बोट दाखवत असे.

"दहा मिन्टं लेट," एकदा म्हणाली.

दहाच होती. मी तपासले.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी तिला शेवटची अंघोळ घातली. मी दाराबाहेर उभा होतो. आतून शेजारच्या मावशींचा आवाज आला.

"तीन म्हैनं पडून हुती, पाठीवर एक डाग न्हाय बघा गं."

एका आक्कावरून काही सिद्ध होत नाही. हे मला मान्य आहे, तिनेच ते शिकवले आहे.

तरीही त्या दारात मी ढसाढसा रडलो.

आक्का, तुझ्या धाकट्या भावाचा तुला मनापासून नमस्कार.