गाऱ्हाण्यात ऐकलेलं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर माझ्या वहिनीचे. आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. दहावी झाली की दादाच्या मागोमाग मुंबईला कामाला जायचं, हे माझंही ठरल्यासारखंच होतं. दादाचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वहिनी आईला म्हणाली, "त्याला शिकू दे. त्याच्या वाटची लावणी मी करीन." आणि तिने ती सात वर्षं केली. मी रत्नागिरीत राहून बी.एस्सी. झालो, पुढे बी.एड. केलं. आता शहरातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि पालीजवळच्या आमच्या गावातून रोज मोटारसायकलने ये-जा करतो.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास वहिनीच्या छातीत गाठ लागली. तपासणीचा कागद इंग्रजीत होता, म्हणून तो माझ्याच हातात दिला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी तो तीनदा वाचला. पेशींचं विभाजन मी नववीच्या वर्गाला शिकवतो. त्या कागदावरचा शब्द न् शब्द मला कळत होता आणि तरी आपल्याला वाचताच येत नाही असं वाटत होतं. वहिनी शेजारीच बसली होती.

"काय लिवलंय?"

"मुंबईला दाखवायला सांगितलंय."

तिने कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे तोच."

आठ दिवसांत दादा येऊन तिला मुंबईला घेऊन गेला. त्यांची मुलगी आठ वर्षांची, गावच्या शाळेत तिसरीत. तिला कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शिकलेला मी. मी तिला सांगितलं, "आई बाबांकडे गेलीय थोडे दिवस. बाबांच्या जेवणाचे हाल होतात ना."

"मग मला का नाय नेलं?"

"तुझी शाळा आहे."

तिला ते पटलं असं मला वाटलं. खरं तर आपण जरा हुशारी केली असंही वाटलं. त्यानंतर घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. आई नुसतं 'ते दुखणं' म्हणायची, तेही पोरगी अंगणात गेल्यावर. वहिनी रोज संध्याकाळी फोन करायची, पण चेहरा दाखवायची नाही. आमच्याकडे घरात व्हिडिओपुरती रेंज नसते, हे कारण तयारच होतं.

मग दोनेक महिन्यांनी आईने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे घरावर काही संकट आलं की ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतात. गुरव देवासमोर उभा राहून सगळी हकिकत मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाला अर्धवट सांगून चालत नाही. शेजारणीलाही पत्ता न लागू देणाऱ्या आईने गुरवाला सगळं नीट सांगून ठेवलं होतं. नारळ घरच्या लेकराच्या हातात हवा म्हणून पोरगी सगळ्यांत पुढे उभी होती. मी मागे हात जोडून उभा होतो. लहानपणापासून इतकी गाऱ्हाणी ऐकली आहेत की शब्दांकडे माझं लक्षच नसतं. गुरव कधी थांबतो तेवढं कळतं आणि तोंडातून आपोआप 'व्हय म्हाराजा' निघतं. त्यामुळे पुढे काय होणार ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"बा म्हाराजा, ह्या घरची सून आज मुंबयला हास्पिटलात पडलीय."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या छातीत क्यान्सरची गाठ झालीय."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आवाजात पोरीचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"घरातल्या लहानथोरांच्या हातून काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल, आनि तिला सुखरूप घरी आन."

या वेळी तिचा आवाज आला नाही.

घरी आल्यावर मी आईवर ओरडलो. तिनेही ऐकून घेतलं नाही. "देवापासून काय लपवायचं? आनि तू काय केलंस? येवढा बी.एस्सी. झालास, नि पोरीला सांगितलंस काय, तर बापाचा सैपाक करायला गेली!"



त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा पोरगी गोठ्यामागे जाऊन बसली. "मला नाय बोलायचं." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिकडे तिसऱ्या केमोनंतर वहिनीला ताप भरला होता. चौथ्या दिवशी दादा म्हणाला, "ती जेवत नाय रे. पोरगी रागावलीय काय, येवढंच इचारते. एकदा तरी तिला बोलायला लाव."

रविवारी मी पोरीला मांडवीला समुद्रावर नेतो म्हणून मोटारसायकलवर मागे बसवलं. पाली सोडल्यावर पाठीमागून आवाज आला.

"काका, लागल्यावर गाठ येते ना?"

"कसली गाठ?"

"आईची. मी झोपेत लाथा मारते. आई म्हणायची, मेले, छातीत मारलंस. रोज म्हणायची."

मी गाडी कडेला घेतली. तिने माझा शर्ट सोडला नाही.

"गुरवकाकांनी देवाला सांगितलं ना, कुणाच्या हातून चुकलं आसंल तर. देवाला म्हायती हाय ती मी. आईला पण आता कळलं आसंल."

तिच्यापासून एक शब्द दूर ठेवला याचं मी समाधान मानत होतो, आणि चार दिवस ती हे घेऊन शाळेत जात होती.

रस्त्याकडेला कातळावर बसून मी तिला पहिल्यांदा खरं सांगितलं. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं असतं, त्या गरजेपुरत्या वाढतात आणि थांबतात; आईच्या काही पेशी थांबायचं विसरल्या, त्यांची गाठ झाली; त्यावरच्या औषधाने आईचे केस गेले. लाथेने गाठ होत नाही.

"तुझ्या बाबांनी मला लहानपणी रोज लाथा मारल्यात."

"तुला आली गाठ?"

"नाही."

"बाबा जोरात मारायचे?"

"तुझ्या दुप्पट."

ती जराशी हसली. मग एकामागून एक प्रश्न. ते दुखणं चिकटतं का? म्हणून मला नेलं नाय? हास्पिटलात मासे देतात? केस गेले म्हणजे सगळे? भुवया पण? शेवटी, माझ्याकडे न बघता, "मरणार हाय काय?"

'नाही' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता.

"डॉक्टर औषध देताहेत. गुण येतोय असं म्हणतात. पुढचं मला माहीत नाही. जे कळेल ते तुला सांगेन. खोटं बोलणार नाही."

"आधी बोललास."

"हो," मी म्हणालो. "बोललो."

हे फोनवर वहिनीला सांगायची माझी हिंमत झाली नाही. घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि मुंबईला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पाली नाक्यावर दिली. दादाने दुसऱ्या दिवशी ती तिला वाचून दाखवली.

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पोरगी तुझ्यावर रागावलेली नाही. तिच्या लाथांमुळे तुला गाठ झाली असं तिला वाटत होतं. देवळात गाऱ्हाण्यात तिने सगळं ऐकलं. त्याआधी मी तिला खोटं सांगितलं होतं, म्हणून तिला विचारायला कुणी उरलं नव्हतं. यात आईची चूक नाही, माझी आहे.

आज तिला सगळं सांगितलं. रोगाचं नाव, सलाईन, तुझे केस गेले तेही. लहान मुलांना वॉर्डात का सोडत नाहीत तेही सांगितलं. तू बरी होशील का, हे तिने विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. तुला हे वाचून वाईट वाटेल, पण मला तिच्याशी दुसऱ्यांदा तसं बोलवेना.

लाथेने काही झालं नाही, हे माझ्याकडून ऐकून तिला अर्धंच पटलंय. काकाला काय ठाऊक, लाथा मी आईला मारल्या, असं म्हणते. म्हणून ते तूच तिला सांग. तापात जास्त बोलू नकोस, तेवढं एकच सांगितलंस तरी पुरे.

उद्या संध्याकाळी सहाला तिला घेऊन मी रस्त्यावर रेंजमध्ये येऊन थांबतो. चेहरा दाखवून फोन कर. रुमाल बांधायचा की नाही ते तुझं तू ठरव. तिने आधीच सांगून ठेवलंय, ती घाबरणार नाही.

तुझा,
धाकटा दीर