तलावावरची पोकलेन

पांढरकवड्याला एसटीतून उतरले तेव्हा मशीनमालक वानखडे जीप घेऊन उभेच होते. नागपुरात माझं हायड्रॉलिक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. त्यांच्या पोकलेनचा फुटलेला पंप तीन महिन्यांपूर्वी मीच नव्यासारखा करून बसवला होता. आता झरी जामणीकडच्या एका गावात तलावाचा गाळ काढताना मशीन पुन्हा दम सोडत होती.

"ताई, त्या ऑपरेटरनंच पंपातले चांगले पिस्टन विकून जुने टाकले. मले पक्कं माहीत आहे," जीप सुरू करता करता ते म्हणाले. "तुम्ही फक्त खोलून दाखवा, मी पोलिसात जातो."

हायवे सुटला, सागाची रानं लागली. मधेच वेचणीला आलेला कापूस, पुन्हा साग. एका नाल्यात जीप रुतली. वाटेवरच्या दोन गाडीवानांनी ढकलून काढली. माझं मन मात्र ऑपरेटरभोवतीच होतं. तो कुठला, कुणाकडे उठतो-बसतो, मी खोदून विचारत होते. माझ्या कामावर ठपका येण्यापेक्षा चोर सापडलेला मलाही हवा होता.

ऑपरेटर टेकाम, पन्नाशीचा कोलाम आदिवासी माणूस, तलावाच्या काठावर बसला होता. मशीनची चावी वानखडेंनी आदल्या दिवशीच त्याच्याकडून काढून घेतलेली.

"सकाळी बरी चालते बाई. तेल गरम झालं का डावा पट्टा चढावर थांबते."

"पंप कोणी उघडला?"

"मी कायले उघडू? तुमीच पाहा न."

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय वाढलाच. पण पंपाच्या बोल्टांवर मी मारलेल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या, म्हणजे पंप कुणी उघडला नव्हता. मग मशीन ज्या लोखंडी पट्ट्यांवर चालते ते फिरवणाऱ्या मोटरला यानं हात लावला असेल, असं मी मनात धरलं.

तेल तापेपर्यंत मशीन चालू ठेवली. टेकामच्या बायकोने भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) भाजी आणली. वानखडेंनी हात लावला नाही. मी जेवले, पण मान वर करून तिच्याकडे पाहता येईना.

पट्टा फिरवणाऱ्या मोटरच्या आत झिरपलेलं तेल एका बारीक पाइपाने टाकीत परत जातं; मोटर आतून झिजली की ते वाढतं. दोन्ही पट्टे अडवले, पाइप सोडवले आणि घड्याळ लावलं. मिनिटभरात उजवीकडून तांब्याभर तेल आलं. डावीकडे बादली भरत आली.

डावी मोटर उघडली. आरशासारखी सपाट हवी ती व्हॉल्व्ह प्लेट गोल चरे पडून खरवडली होती आणि चऱ्यांत पितळेचा चुरा अडकला होता. तो जुन्या फुटलेल्या पंपाचा होता. नवा पंप बसवण्याआधी तेलाच्या सगळ्या लाइनी धुवायला हव्या होत्या. घाईत मी फक्त टाकी धुतली होती.

गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. वानखडे वाकून विचारत होते, "काय केलं यानं?"

"यानं काही केलेलं नाही. चूक माझी आहे." मी चुरा बोटावर घेऊन दाखवला.

टेकामने एवढंच म्हटलं, "मंग चावी द्या, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्यात एका लेथवाल्याकडे जाड काचेवर घासायची खरखरीत पेस्ट लावून प्लेट घासली, चरे जाईपर्यंत. लाइनी धुतल्या, फिल्टर बदलले. पुन्हा मोजलं, दोन्हीकडे तांब्याभर. टेकामने मशीन सरळ चढावर नेली. खाली उतरल्यावर चावी त्याने स्वतःच्याच खिशात टाकली.

परतीच्या एसटीत मी त्या हंगामात बसवलेले सगळे पंप आठवले. पांढरकवडा सुटायच्या आधीच पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "भाऊ, मशीन उभी करा. तुमच्या लाइनी मी धुतल्या नव्हत्या."